बीटचा चार्ज घेण्याआधी: एका वनरक्षकाचा अनुभव

भरतीची यादी लागली की माझा फोन वाजायला लागतो. कुणी आमच्या काटोलकडचं असतं, कुणी माझ्या धाकट्या भावासोबत पहाटे मैदानावर धावलेलं. लेखी झालेलं असतं, धावणं झालेलं असतं, कागदपत्रं तपासून झालेली असतात. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच, "ताई, पेंच भेटंल का?"

पेंच व्याघ्र प्रकल्प मिळाला तर चांगलंच. पण पहिल्या पोस्टिंगला प्रादेशिकचं, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाबाहेरच्या जंगलाचं, एखादं बीट (एका वनरक्षकाकडे सोपवलेला जंगलाचा भाग) पदरात पडलं तर रडू नका. मी रडले होते. चिखलदऱ्याच्या सहा महिन्यांच्या प्रशिक्षणात आम्ही मुली रात्री बसून कोणाला कुठलं गेट मिळेल याचीच चर्चा करायचो. हातात ऑर्डर आली तर त्यात गेट नाही, वाघ नाही, पर्यटक नाहीत. एक नाला, चार गावं, सागाचं एक जुनं रोपवन आणि चारही बाजूंनी पऱ्हाटीची वावरं. मला वाटलं, माझं नशीबच फुटलं. खरं तर जे काही शिकले ते त्याच बीटने शिकवलं, आणि त्याची किंमत माझ्याऐवजी दुसऱ्याच माणसाने मोजली. ती गोष्ट पुढे सांगते.

अकरा वर्षं झाली मला या खात्यात. वनरक्षक म्हणून लागले, आता वनपाल आहे, माझ्या राउंडमध्ये, म्हणजे वनपालाच्या हद्दीत, चार बीटं आहेत. उंची, धावणं, पेपर याबद्दल इथे लिहीत नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. अंगावर खाकी चढते त्यानंतरचं लिहिते.

पहिली गोष्ट, 'वनखातं' ही एक वस्तू नाही. हे समजून घ्यायला नागपूरसारखं दुसरं गाव नाही. राज्याची राजधानी मुंबईत असली तरी वनखात्याचं मुख्यालय आपल्याकडे आहे, सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात. एक रविवार काढा आणि शहरातल्या शहरात फिरा. महाराजबागेतलं प्राणिसंग्रहालय कृषी विद्यापीठाच्या इथल्या कृषी महाविद्यालयाकडे आहे. अंबाझरीचा तलाव महापालिकेचा, आणि त्याच्या मागे पसरलेलं जैवविविधता उद्यान वनविभागाचं. गोरेवाड्याचं प्राणी उद्यान, ज्याची सफारी २६ जानेवारी २०२१ ला सुरू झाली, ते वनविकास महामंडळाचं. हे महामंडळ १९७४ मध्ये स्थापन झालं आणि कंपनीसारखं चालतं, त्याचा हिशोब वेगळा, माणसं वेगळी. फिरायला येणाऱ्या माणसाला ही सगळी 'झाडं असलेली जागा'च दिसते. तुम्हाला तसं दिसून चालणार नाही. कुंपण कोणाचं, तिकिटाचा पैसा कुठे जातो, फांदी तोडली तर गुन्हा कोण नोंदवणार, या प्रश्नांची उत्तरं प्रत्येक ठिकाणी बदलतात.

शहराबाहेर पडलं तरी तेच. पेंचचं राष्ट्रीय उद्यान १९७५ चं, क्षेत्र २५७.२६ चौरस किलोमीटर, १९९९ मध्ये त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला. तिथे कोअर म्हणजे आतला गाभा आहे, बफर म्हणजे त्याभोवतीचा पट्टा आहे, शेजारी मानसिंगदेव अभयारण्य आहे. सिल्लारी किंवा खुर्सापारच्या गेटवर जमा होणारा पैसा सरकारच्या तिजोरीत जाऊन गडप होत नाही, तो व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानकडे जातो आणि तिथेच खर्ची पडतो. कोअरचा जास्तीत जास्त २० टक्के भागच पर्यटनाला खुला ठेवता येतो, ही मर्यादा २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनी घातली. बोर २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, कोअर जेमतेम १३८ चौरस किलोमीटर. म्हणजे तिथल्या वाघाला प्रकल्पाची हद्द पुरतच नाही. तो बाहेर येतो तो थेट प्रादेशिकच्या बीटमध्ये, तुमच्या-माझ्यासारख्या वनरक्षकाच्या हातात. जय वाघ आठवतो ना? नागझिऱ्याहून चालत उमरेड-कऱ्हांडल्यात आला, अख्ख्या देशात त्याचं नाव झालं, आणि एप्रिल २०१६ नंतर त्याचा माग लागलाच नाही. आपण नकाशावर काढलेल्या रंगीत पट्ट्या वाघाला ठाऊक नसतात. आपल्याला मात्र त्या पक्क्या ठाऊक असाव्या लागतात.

आणि मी नेमकी तिथेच चुकले.

प्रशिक्षणात कायदे शिकवतात. भारतीय वन अधिनियम १९२७, वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२, वनसंवर्धन १९८०, वनहक्क २००६. आम्ही कलमं पाठ केली, पेपर लिहिला, मार्कही चांगले पडले. पण कलम कुठल्या जमिनीवर लागू होतं हे पुस्तकात नसतं. राखीव वन आणि संरक्षित वन यांतला फरक तुम्ही दोन ओळींत लिहून मोकळे व्हाल. जमिनीवर तो फरक उलटासुलटा आहे. राखीव वनात सगळं बंद, परवानगी दिली असेल तेवढंच चालू. संरक्षित वनात जे बंद केलंय तेवढंच बंद, बाकी चालू. अभयारण्यात चराई परवानगीने होऊ शकते, राष्ट्रीय उद्यानात जनावर आतच नको. म्हणजे तीच गाय, तेच गवत, तोच गुराखी, आणि नाल्याच्या एका काठावर गुन्हा तर दुसऱ्या काठावर नाही. तुम्ही उभे कुठे आहात हे जर नक्की माहीत नसेल तर तुमच्या पाठांतराचा उपयोग नाही, उलट त्याने नुकसानच होतं.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट. जूनचा पहिला पंधरवडा, मृगाचे ढग भरून आले होते. माझ्या बीटच्या पश्चिमेला नाल्यालगत एक पट्टी होती, एकर-सव्वा एकराची. संध्याकाळच्या गस्तीत पाहिलं तर एक म्हातारे शेतकरी तिथे वखर हाकत होते. मी मोबाईल काढला. बीटची हद्द मोबाईलच्या नकाशात टाकलेली होती आणि आमचा निळा ठिपका हद्दीच्या पार आत. मी वरिष्ठांना फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "ती पट्टी आपलीच आहे, लिहून टाक."

काका हात जोडून म्हणाले, "मॅडम, हे वावर माह्या बुढ्याच्या टायमापासून वाहून राहिलो जी. कागद घरी हाय. पोराले पाठवतो, घेऊन येते."

गाव दीड किलोमीटरवर. अर्धा तास लागला असता. मी थांबले नाही. अंधार पडत होता, सोबत एकच वनमजूर होता आणि मला वाटलं, ही माझी पहिली मोठी कारवाई आहे, आता मागे हटले तर गावात कोणी जुमानणार नाही. प्राथमिक गुन्हा अहवाल फाडला, पंचनामा केला, वखर आणि बैलजोडी जप्त केली. बैल सुपूर्दनाम्यावर, म्हणजे सांभाळायला दिल्याचं लिहून घेऊन, पोलिसपाटलाच्या गोठ्यात बांधले. त्या रात्री मी क्वार्टरवर आनंदात जेवले, हे अजून आठवतं आणि अजून जेवण घशात अडकतं.

कागद दोन दिवसांनी समोर आले. त्या पट्टीचा निम्मा भाग त्यांच्या सातबाऱ्यातलाच होता. उरलेला निम्मा गावच्या रेकॉर्डला 'झुडपी जंगल' म्हणून लागलेला, म्हणजे महसूलचा गट. आमच्या राखीव वनाच्या अधिसूचनेत तो कधी नव्हताच. आणि त्या तुकड्यावर काकांनी ग्रामसभेकडे वनहक्काचा दावा केलेला होता, दाव्याची पोच त्यांच्याकडे होती. वनहक्क कायद्याचं कलम ४(५) सरळ सांगतं की दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत दावेदाराला त्याच्या ताब्यातल्या वनजमिनीवरून हटवता येत नाही. हे कलम मी परीक्षेत लिहिलं होतं. शब्द न् शब्द.

बैल सुटायला अकरा दिवस गेले. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर. मधल्या काळात दोन दिवस चांगला पाऊस पडला, सगळ्या शिवारात सरकी टोबून झाली, आणि त्यांचं वावर तसंच राहिलं. शेजारच्यांचे बैल मागून आणायचे तर शेजाऱ्यांचीही तीच घाई. नंतर पावसाने ओढ दिली. मी माफी मागायला घरी गेले तेव्हा काका काही बोलले नाहीत. काकू चहा ठेवता ठेवता एवढंच म्हणाल्या, "पाऊस थोडी थांबला जी तुमच्या कागदासाठी."

माझे वडीलही वावरच करतात. जून महिन्यात बैल गोठ्यात उभे राहिले म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मला कारणे दाखवा नोटीस आली, चौकशी झाली, लेखी ठपका बसला. फोनवर "लिहून टाक" म्हणणाऱ्यांचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं, सही माझी होती. त्याची तक्रार मी करत नाही. सही माझीच होती.

आता ती चूक नेमकी कशी झाली ते बारकाईने सांगते. कंटाळा आला तरी वाचा, कारण हाच खड्डा तुमच्याही बीटमध्ये आहे, फक्त कुठे आहे ते तुम्हाला अजून दिसलेलं नाही.

मोबाईलवरची रेघ कोणीतरी कधीतरी कागदी नकाशावरून काढलेली असते. १:५०,००० च्या नकाशावर एक मिलिमीटर जाडीची रेघ म्हणजे जमिनीवर पन्नास मीटर. आपल्याकडचे जुने वननकाशे चार इंचाला एक मैल या मापाचे, तिथेही एक मिलिमीटर म्हणजे जवळपास सोळा मीटर. गावनकाशे त्याहून मोठ्या मापाचे, सोळा इंचाला एक मैल. तीन वेगवेगळ्या मापांचे कागद एकमेकांवर ठेवले की रेघा जुळत नाहीत, जुळूच शकत नाहीत. त्यात जुने नकाशे एव्हरेस्टच्या गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या हिशोबावर, काढलेले आणि मोबाईल चालतो डब्ल्यूजीएस ८४ या नव्या हिशोबावर. हे रूपांतर नीट केलं नसेल तर अख्खं बीट एका बाजूला सरकतं आणि तुम्हाला कळतही नाही, कारण सगळंच सारखं सरकलेलं असतं. वर झाडाखाली जीपीएसचा ठिपका स्वतःच हलत असतो. हे सगळं मिळून माझा निळा ठिपका 'आत' दिसत होता.

मग हद्द ठरते कशाने? अधिसूचनेच्या शब्दांनी आणि जमिनीवरच्या बुरुजांनी, म्हणजे हद्दीवर रचलेल्या दगडांच्या खुणांनी. राजपत्रातल्या अधिसूचनेत हद्दीचं वर्णन असतं. कलम ४ ची अधिसूचना म्हणजे राखीव करण्याचा इरादा, कलम २० ची म्हणजे राखीव झालं. या दोघींच्या मध्ये पुष्कळ वर्षं गेलेली असू शकतात आणि मधल्या चौकशीत काही गट वगळलेले असू शकतात. वगळलेले गट नकाशावरून पुसले गेले की नाही, हे बघणारा माणूस तुम्हीच. माझ्या बीटच्या वर्णनात 'नाल्याच्या पूर्व काठाने' असे शब्द होते. नाला तर दर पुरात थोडा थोडा सरकतो. मी ज्याला नाला समजत होते तो नवा नाला होता. जुना काठ शंभरेक पावलं अलीकडे होता आणि त्यावरचा बुरूज रायमुनियाच्या जाळीत पार बुडाला होता. नंतर विळा घेऊन जाळी कापली तेव्हा दगड दिसले, चुन्याचा डागसुद्धा. माझ्यासोबतच्या वनमजुराला तो बुरूज ठाऊक होता. मी त्याला विचारलंच नव्हतं.

म्हणून पहिल्या महिन्यात काय करायचं ते ऐका. रेंज ऑफिसात कक्ष इतिहास नोंदवही असते, आपल्या बीटच्या प्रत्येक कक्षाची, म्हणजे नंबर दिलेल्या प्रत्येक तुकड्याची, ती वाचून काढा. कुठे रोपवन झालं, कुठे वनजमीन दुसऱ्या कामाला वळती झाली, कुठे जुना वाद आहे, सगळं त्यात सापडतं. अधिसूचनेची प्रत मागा. "मिळत नाही" म्हणतील. पुन्हा मागा, लेखी मागा. मग पटवाऱ्याकडे जा. पदाचं नाव सरकारने बदललं असेल, गावात पटवारीच म्हणतात. त्याच्याकडे तुमच्या हद्दीला लागून असलेल्या प्रत्येक गटाचा सातबारा आणि गावनकाशा बघा, सातबाऱ्यातला 'इतर हक्क' हा रकाना सोडू नका. निस्तार पत्रक बघा, विदर्भात ते फार महत्त्वाचं आहे. गावाला चराईसाठी, सरपणासाठी, स्मशानासाठी, खळ्यासाठी कोणती जमीन दिलेली आहे ते तिथे लिहिलेलं असतं. आणि ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे दाव्यांची यादी असते, वैयक्तिक वेगळी, सामूहिक वेगळी. ती उतरवून घ्या. गटनंबर आणि कक्ष क्रमांक यांची सांगड घालणारा एक तक्ता स्वतःच्या हाताने वहीत काढा. कक्ष क्रमांक आपले, गटनंबर महसूलचे, आणि दोन्ही खाती एकमेकांची भाषा बोलत नाहीत. तो तक्ता तयार मिळत नाही. कुणी तयार दिला तर त्यावर विसंबू नका.

हे सगळं झाल्यावर बुरूज शोधायला निघा. एकटे नाही. वनमजूर हवा, आणि लगतच्या गावातला एखादा जुना माणूस हवाच, मग तो अतिक्रमणाच्या वादातला का असेना. वादातल्या माणसाला हद्द सगळ्यात चांगली माहीत असते. शंका असलेल्या ठिकाणी भूमी अभिलेखकडून संयुक्त मोजणी मागा. मोजणी होईपर्यंत जप्ती नाही, फक्त पाहणी आणि लेखी नोंद. झाड ताजं तोडलेलं दिसलं, शिकार दिसली, आग दिसली, तर कारवाई तिथल्या तिथे करा, क्षणभर थांबू नका. पण जमिनीचा वाद एका संध्याकाळीत पळून जात नाही. तिथे अर्धा तास थांबायला हरकत नसते. मी थांबले नाही.

झुडपी जंगलाबद्दल वेगळं सांगायलाच हवं, कारण हा शब्द पुण्या-मुंबईकडच्या सहकाऱ्यांना माहीतच नसतो. मध्य प्रांताच्या काळापासून आपल्या पूर्व विदर्भात, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत, खुरट्या झुडपांच्या जमिनी महसुली रेकॉर्डला या नावाने लागल्या. ताबा महसूलचा, वापर गावाचा. कुठे गुरं चरतात, कुठे शाळा उभी आहे, कुठे घरं. मग सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने 'वन' या शब्दाचा अर्थ रुंदावला आणि या जमिनींचं काय, हा प्रश्न लोंबकळत राहिला. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की झुडपी जंगल हे वनच आहे. प्रश्न सुमारे ८६ हजार हेक्टरचा होता. १९९६ च्या त्या तारखेपर्यंत सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनींसाठी न्यायालयाने नियमित करण्याची वाट ठेवली आहे.

निकालाची बातमी आली त्या आठवड्यात दोन नव्या मुलांनी मला विचारलं, "मॅडम, आता झुडपीत सरळ गुन्हे नोंदवायचे ना?" नाही. अजिबात नाही. वन ठरलं म्हणजे राखीव वन झालं असं नव्हे. त्या गटावर कोणती अधिसूचना आहे, ताबा आपल्याकडे रीतसर आला का, त्यावर वनहक्काचा दावा आहे का, हे तीनही प्रश्न जिथल्या तिथे आहेत. उलट येत्या वर्षांत याच जमिनींवर सगळ्यात जास्त भांडणं होतील आणि पुढे उभं करतील ते तुम्हाला, सगळ्यात खालच्या पायरीवरच्या माणसाला. तेव्हा तुमच्या वहीतला तो तक्ताच कामी येईल.

एवढं वाचून घाबरून जाऊ नका. मीही त्या नोटिशीनंतर राजीनामा लिहून ठेवला होता, आठ दिवस उशाखाली. दिला नाही. त्या काकांच्या दाव्यावर ग्रामसभेने स्थळपाहणी ठेवली तेव्हा मी स्वतः गेले, जुना काठ आणि बुरूज दाखवला, खरं तेच लिहून दिलं. काही लोकांना वाटलं मी खात्याच्या विरोधात बोलते आहे. माझं मत स्पष्ट आहे: जी जमीन आपली नाही ती आपली नाही म्हणून सांगणारा वनरक्षकच उद्या 'ही आपली आहे' म्हणाला तर गाव ऐकतं. २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हा जंगल संपणार म्हणून बोलणारे पुष्कळ होते. गाव आजही ते जंगल राखतं आहे.

गुरू कोणाला करायचं? माझं म्हणणं अनेकांना आवडत नाही, तरी लिहिते. जो वरिष्ठ फाइल न उघडता उत्तर देतो, तो कितीही प्रेमळ असो, त्याच्याकडून जमिनीबद्दल काही शिकू नका. त्याच्याकडून गस्त शिका, पगमार्क शिका, माणसं सांभाळणं शिका. जमिनीसाठी तो माणूस शोधा जो म्हणतो, "थांब, बघून सांगतो." असा माणूस बहुतेक वेळा ऑफिसातला जुना लिपिक असतो किंवा निवृत्तीला आलेला सर्व्हेअर. आणि वनमजुराला 'अरे-तुरे' करणाऱ्या नव्या वनरक्षकांचा मला मनापासून राग येतो. तुमच्याआधी सहा वनरक्षक त्याने पाहिलेले असतात. त्याला दादा म्हणा, काका म्हणा, सकाळी त्याच्या डब्यातली भाकर खा.

आणि ते तयार नमुने! व्हॉट्सअॅपवर गुन्हा अहवालाचा, पंचनाम्याचा 'रेडीमेड नमुना' फिरत असतो, फक्त नाव आणि तारीख बदलायची. माझ्या त्या अहवालातही 'राखीव वनात' हे शब्द आधीच छापलेले होते, मी खाली सही केली. पंचनामा कोऱ्या कागदावर लिहा. हात दुखेल. पण प्रत्येक शब्द लिहिताना मन विचारतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं का? छापील नमुन्यात मन विचारत नाही.

वाघाची भीती वाटते का, हा प्रश्न मुलींच्या घरचे विचारतात. वाटते, आणि वाटायला हवी. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात व्याघ्रगणनेच्या पायी सर्वेक्षणात आमची एक सहकारी वाघिणीच्या हल्ल्यात गेली. त्या दिवशी माझ्या आईने फोन करून फक्त माझा आवाज ऐकला आणि ठेवून दिला. म्हणून एकटीने गस्त नाही, कोणी कितीही डिवचलं तरी नाही. वाघीण पिलांसह असल्याची खबर असेल तर सर्वेक्षणात चालायची रेषा बदलून मागा, ते भित्रेपण नव्हे. संरक्षण कुटीत स्वच्छतागृह नसेल तर लाजू नका, लेखी मागणी द्या आणि तिची पोच जवळ ठेवा. मी पहिल्या वर्षी दिवसभर पाणी कमी प्यायचे, मे महिन्यात, नागपूरच्या उन्हात. दोनदा सलाईन लागलं. तुम्ही हा मूर्खपणा करू नका.

आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून आधीच जाळून साफ केलेले पट्टे, त्याआधी झाल्या पाहिजेत, मोहफुलाच्या वेळी गावात जाऊन झाडाखाली जाळू नका म्हणून सांगितलं पाहिजे, तेंदूच्या हंगामात डोळ्यांत तेल घालून राहावं लागतं. उपग्रहाचा संदेश मोबाईलवर येतो, पण तो ठिपकाही जवळपास पावणेचारशे मीटरच्या चौकोनाचा असतो. त्या चौकोनात आग कुठे आहे ते धुराच्या वासाने आणि वाऱ्याने शोधायचं. पुन्हा तेच, ठिपक्यावर विश्वास ठेवा, पण पाय जमिनीवर नेऊन मग. रोपवनाच्या नोंदवहीत मेलेली रोपं जिवंत दाखवू नका. दबाव येईल. तिसऱ्या वर्षी मोजायला कोणी येतं तेव्हा झाड खोटं बोलत नाही आणि त्या पानावर सही तुमची असते.

पेंचला हवं असेल तर नंतर विनंती अर्ज करता येतो, मी केला नाही. काही मैत्रिणी गेल्या, आनंदात आहेत. गेल्या वर्षी पेंचमधल्या वाघोड्याला त्यांच्याकडे गेले होते. पेंच देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं जानेवारी २०२४ मध्ये, तिथे रात्री आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते. मी तासभर उताणी पडून पाहत राहिले. नोकरीत असे तास मिळतात, हेही खरं आहे.

यंदा जूनमध्ये माझ्या राउंडला एक नवी मुलगी रुजू झाली. चार्ज रिपोर्टवर सही करायला पेन काढला तिने पहिल्याच दिवशी. मी पेन बाजूला ठेवायला लावला. तीन दिवस आम्ही चालत होतो, ती, जुना वनरक्षक, वनमजूर काका आणि लगतच्या गावातले दोघं. नकाशावर सत्तावीस बुरूज, जमिनीवर एकवीस सापडले. सहा नाहीत. चार्ज रिपोर्टला यादी जोडली, सापडलेल्यांपुढे खूण केली, न सापडलेल्या सहांचे नंबर वेगळे लिहिले, दोघांच्या सह्या घेतल्या आणि एक प्रत रेंजला पाठवली. सहांपैकी दोन झुडपीच्या गटाला लागून आहेत. तिथे मोजणीचा अर्ज टाकला आहे. मोजणी होईपर्यंत त्या बाजूने ती फक्त फिरते आणि डायरीत लिहिते.